आमच्या शिवण मंडळाचा विमा

चार बायका सुईदोरा घेऊन एका सतरंजीवर बसल्या, की शिवण किती होतं ते सोडा, गोष्टी मात्र ढिगानं होतात. आमच्या परभणीच्या शिवण मंडळाचं तसंच झालं. दुपारची झाकपाक उरकून आम्ही वकीलसाहेबांच्या ओसरीवर जमायचो, कशिदा काढायचो, झबली-टोपडी शिवायचो, आणि वर्षातून एकदा संक्रांतीच्या सुमाराला प्रदर्शन भरवायचो. त्यातल्या वस्तू आता कुठं असतील कोण जाणे. किस्से तेवढे माझ्यापाशी राहिले.

नातसुना विचारतात, "आजी, निजामाच्या राज्यात तुम्ही बायका काय करायचात?"

मी म्हणते, "विमा काढायचो."

त्यांना वाटतं, म्हातारी चेष्टा करायलीय. पण खरंच काढला होता. ऐका तर.

*

मंडळाच्या कर्त्या म्हणजे आमच्या अक्का. वकीलसाहेबांच्या पत्नी. वकीलसाहेब कोर्टात फर्ड्या उर्दूत बोलायचे, पण अक्का मूळच्या पाथरीकडच्या खेड्यातल्या, आणि त्यांचं बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. मी तेव्हा मानवतहून नुकतीच लग्न होऊन आलेली, शाळामास्तरांची बायको. दोन घरं सोडून राहायची.

पहिलं प्रदर्शन ठरलं तेव्हा अडचण आली ती परवानगीची. त्या काळात चार माणसं एका जागी जमवायची तरी कोतवालीची इजाजत लागायची. वकीलसाहेब नेमके गंगाखेडला गेलेले. अक्कांनी टांगा बोलावला, मला शेजारी बसवलं आणि थेट कोतवालीत.

तिथले अमीनसाहेब म्हणजे पोलिसांचे मोठे अंमलदार, वयस्कर आणि सभ्य गृहस्थ. दोन बायका समोर बघून तेच गडबडले.

"क्या दिखाते आप लोगां?"

"गोधड्या," अक्का म्हणाल्या. "झबली. रुमाल."

"तकरीर तो नै होती ना? भाषण?"

"गोधडी काय भाषण करनार, साहेब?"

अमीनसाहेबांनी मान हलवली आणि एक कागद पुढं ओढला. कुणी पडलं, आग लागली, चोरी झाली, तर जिम्मेदार कोण? घरच्या मर्दाचं नाव सांगा, म्हणाले.

"मर्द गावाला गेलेत. शिवण आमी करतो. जिम्मा माझा," अक्का म्हणाल्या, आणि त्या उर्दू कागदाखाली त्यांनी बाळबोधीत ठसठशीत सही ठोकली.

संध्याकाळी वकीलसाहेब परत आले, त्यांनी नक्कल वाचली आणि कपाळाला हात लावला. "अगं, आग, चेंगराचेंगरी, चोरी, भांडणतंटा, सगळं तू एकटीनं अंगावर घेतलंस. सही करायच्या आधी वाचलंस तरी का?"

"उर्दूत व्हतं," अक्का शांतपणे म्हणाल्या. "वाचता आलं असतं तर सही झालीच नसती."

*

त्याच पहिल्या वर्षी ती सुईची भानगड झाली.

गावात माल खात्यातले, म्हणजे महसुलातले, एक बडे अंमलदार राहायचे. त्यांच्या बेगमसाहेबा पडद्याच्या टांग्यातून प्रदर्शन बघायला आल्या. एवढी मोठी बाई आपल्या मांडवात आलेली बघून आम्ही सगळ्या हरखून गेलो. एका पलंगावर आम्ही कशिद्याची चादर अंथरून ठेवली होती, नुसती बघायला. बेगमसाहेबा चालून दमल्या असतील, सहज त्या पलंगावर टेकल्या. आणि तशाच ताठ उभ्या राहिल्या.

चादरीत सुई राहिली होती.

त्यांनी मागं वळून चादर चाचपली. सुई हातात घेतली, पदर सावरला आणि निघून गेल्या. आमच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या नवऱ्याच्या एका शब्दानं माणसांच्या इनामाच्या जमिनी जायच्या. सुई कुणाची, हे अर्थातच कुणी कबूल केलं नाही. वकीलसाहेब जेवताना एवढंच म्हणाले, "त्या कागदाची आठवण आहे ना?"

दुसऱ्या दिवशी अक्का तिळगुळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी निघाल्या. मलाही नेलं. आतल्या दालनात बेगमसाहेबा एकट्याच बसल्या होत्या. एवढं मोठं घर, गालिचे, झुंबरं, आणि आवाज म्हणून कसला नाही.

अक्का उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बेगमसाहेबा, चूक आमच्या मंडळाची. तुमाला लागलं, त्याचा जिम्मा माझा. काय बोलायचं ते मला बोला."

बेगमसाहेबांनी पानाचा चांदीचा डबा उघडला. एका कप्प्यात ती सुई होती. अक्कांनी हात पुढं केला, तसं त्यांनी झाकण लावून टाकलं.

"सुई नै मिलती," त्या म्हणाल्या. "तागा लेके आव."

पुढच्या दुपारपासून त्या आमच्या मंडळात. आम्ही त्यांना कशिदा शिकवला, त्यांनी आम्हाला जरीचं काम शिकवलं. बोटं टोचून घेण्यात मात्र त्यांचा हात कुणीच धरला नाही.

*

विम्याची गोष्ट केशवरावांपासून सुरू होते. केशवराव विमा एजंट. परभणी, पूर्णा, नांदेड अशा गाड्या करायचे, हातात छत्री आणि पत्र्याची पेटी. एकटा जीव, देवळामागच्या खोलीत बिऱ्हाड. वकीलसाहेबांचा आयुष्याचा विमा काढावा म्हणून ते वर्षभर आमच्या ओसरीचे उंबरठे झिजवत होते, आणि वकीलसाहेब दर वेळी म्हणायचे, "बघू, अजून मरायला अवकाश आहे."

एकदा असंच बोलणं चाललं असताना अक्का आतून म्हणाल्या, "केशवराव, माणसाचं जाऊ द्या. प्रदर्शनाचा विमा निघतो का?"

केशवराव चपापले. "निघतो. म्हणजे मुंबईला निघतो. सर्कशींचा, नाटकांच्या थेटरांचा."

"मग आमचा का न्हाई? आमच्याकडं बी माणसं येतात. मांडव हाय, बत्त्या हायत. कुणाला काय झालं तर सही माझी हाय."

केशवरावांनी छत्री खाली ठेवली आणि समजावून सांगायला बसले. आम्ही दाराआडून ऐकत होतो. "हे बघा अक्का, यात एक पक्ष म्हणजे तुम्ही. दुसरा पक्ष कंपनी. आणि तुमच्या मांडवात ज्याला लागेल, ज्याच्या वस्तूचं नुकसान होईल, तो तिसरा माणूस. त्या तिसऱ्या माणसाची तुमच्यावरची जबाबदारी कंपनी उचलते."

बेगमसाहेबांनी पडद्याआडून विचारलं, "वो तीसरा कौन है, पहले से मालूम रहता क्या?"

"नाही, बेगमसाहेबा. घडल्यावरच कळतं."

अक्कांनी हातातलं शिवण बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ज्याला आपुन ओळखत बी न्हाई, त्याच्यासाठी आधीच सोय करून ठेवायची?"

"अगदी तसंच."

"हे तर लय चांगलं हाय," अक्का म्हणाल्या. "पुरुषांनी काढलंय?"

*

कंपनीला आमचं प्रकरण नवीन होतं. त्यांनी हैदराबादेहून आपला एक साहेब पाहणीला धाडला. काळा कोट, काळी टोपी, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. बिचारे केशवराव त्याच्यामागं हात जोडून फिरत होते.

साहेबानं विचारलं, "सुया किती आहेत?"

अक्का म्हणाल्या, "हरवलेल्या धरून?"

साहेबानं चष्म्यावरून बघितलं. "कात्र्या कुणाच्या ताब्यात असतात?"

"जिचा हात पोचंल तिच्या."

केशवरावांनी डोळे मिटून घेतले. आमचा विमा तिथंच बुडाला असं सगळ्यांना वाटलं. त्यात साहेब मांडवाचा खांब हलवून बघायला गेला आणि खिळ्यात अडकून त्याच्या कोटाचा खिसा टर्रकन फाटला.

"काढा कोट," अक्का म्हणाल्या.

"राहू द्या, राहू द्या."

"अंगावर शिवू नये. काढा."

साहेबानं नाइलाजानं कोट काढला, आणि आमच्या लक्षात आलं की त्याला तो का काढायचा नव्हता. कोटाच्या आतल्या अस्तराच्या चिंध्या झालेल्या. सदऱ्याच्या पाठीला एक लांब उसवण, आणि ती जाड पांढऱ्या दोऱ्यानं पुरुषी हातानं कशीबशी ओढून घेतलेली. कुणी हसलं नाही. बेगमसाहेबांनी पडद्याआडून हात बाहेर काढला आणि कोट आत घेतला.

साहेब नुसत्या सदऱ्यात खुर्चीवर बसला. चहा झाला. मग आपण होऊनच सांगायला लागला की बायको वारली, मुलगी आजोळी असते, रजा मिळत नाही. आत आम्ही अस्तर बदलत होतो. जुन्या अस्तराच्या पोटात खिशातून गळलेल्या वस्तू जमल्या होत्या. एक सुपारी, गाडीचं तिकीट आणि लहान पोरीची काचेची बांगडी. बांगडी बेगमसाहेबांनी रुमालात गुंडाळून नव्या खिशात ठेवली.

साहेबानं कोट घातला, सवयीनं खिशात हात घातला आणि तसाच उभा राहिला. बराच वेळ त्याचा हात खिशातून बाहेर आला नाही. मग टोपी काढून त्यानं अक्कांना नमस्कार केला आणि टांग्यात बसला.

पुढं पॉलिसी मंजूर झाली तेव्हा केशवरावांनी साहेबाचा शेरा वाचून दाखवला. एकच ओळ होती. "संयोजक काळजी घेणारे आहेत."

*

पॉलिसीचा कागद इंग्रजीत होता. केशवरावांनी तो आम्हाला मराठीत समजावून दिला. शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आणि लढाई, दंगा, राज्यातली गडबड आणि दैवी कोप, यात मात्र कंपनी काही देणार नाही."

अक्का म्हणाल्या, "म्हंजी ज्याची भीती वाटते तेवढं सोडून बाकी समद्याचा विमा हाय."

"कंपनीला पण भीती वाटतेच की, अक्का," केशवराव म्हणाले.

*

चुडाव्याच्या बाजूच्या एका वस्तीवर चंद्रभागाबाई राहायच्या. नवरा जाऊन वर्ष झालेलं. त्याच्या धोतरांची त्यांनी एक गोधडी शिवली होती. पांढऱ्यावर पांढरा टाका, पाण्यावर वारा सुटल्यासारखा बारीक. अक्का त्या वस्तीवर एका नातेवाइकाकडं गेल्या असताना त्यांनी ती बघितली आणि प्रदर्शनापुरती मागून आणली. चंद्रभागाबाईंची द्यायची इच्छा नव्हती. रात्री पांघरायला तीच असायची. "नीट ठिवा," एवढं म्हणून दिली.

आणि नेमकी त्याच गोधडीवर बत्तीची ठिणगी उडाली. मांडवात गर्दी होती, कुणाचा तरी धक्का बत्तीच्या खांबाला लागला. आम्ही धावेपर्यंत मधोमध रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या झालेल्या.

केशवराव म्हणाले, "अक्का, घाबरू नका. हाच आपला तिसरा माणूस. कंपनी भरपाई देईल."

"कशाची?" अक्कांनी विचारलं. "जुन्या धोतरांची?"

केशवरावांनी पेटीतून काढलेला कागद परत पेटीत ठेवला.

ती सगळी संध्याकाळ आम्ही गोधडीभोवती बसून होतो. कुणी म्हणालं, ठिगळ लावू. कुणी म्हणालं, वर फूल काढू म्हणजे कळणार नाही. अक्कांनी कुणाला हात लावू दिला नाही. "तिचं हाय. तिला तसंच दाखवायचं," म्हणाल्या.

चंद्रभागाबाई गोधडी न्यायला गाडीनं आल्या. लुगड्याचा पदर डोक्यावर, पायात काही नाही. अक्कांनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं, आणि गोधडी समोर उलगडून भोकावर स्वतःचं बोट ठेवलं. "माझ्या मांडवात जळाली, बाई. मी राखायला पायजे व्हती. न्हाई राखली."

चंद्रभागाबाईंनी गोधडी मांडीवर ओढली. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग नाकाशी नेऊन वास घेतला. आणि बघतो तर त्यांच्या तोंडावर हसू फुटायला लागलं, डोळ्यांत पाणी असताना.

"त्याला चिलमीचा लय नाद," त्या म्हणाल्या. "एक बी धोतर बिनभोकाचं नव्हतं. शिवताना मी समदी भोकं कापून टाकली, म्हनलं, लोकं हसतील. तवापासून पांघरते, पन त्याची वाटतच नव्हती. आता वाटायलीय."

घडी घालून त्यांनी गोधडी काखेत मारली आणि स्टेशनकडं निघाल्या. कंपनीला केशवरावांनी काय कळवलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

*

विमा काढल्यापासून आमच्या मांडवात खरोखर जायबंदी झालेला माणूस एकच. खुद्द केशवराव.

तोरण बांधायला शिडीवर कुणी चढायचं यावरून घोळ चालला होता. केशवराव म्हणाले, "सरका, मी चढतो. विमा आहे." तोरण बांधलं आणि उतरताना शेवटच्या पायऱ्या चुकवून खाली आले. उजवा हात मोडला.

हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या. अक्कांनी वकीलसाहेबांकडून कंपनीला कळवलं की आमच्या मांडवात एक माणूस पडला, त्याची सोय करा. कंपनीचं उत्तर आलं की सदर इसम आमचाच एजंट आहे, तेव्हा तो तिसरा माणूस होऊ शकत नाही. वकीलसाहेबांनी उलट लिहिलं, तो पडला तेव्हा विमा विकत नव्हता, तोरण बांधत होता. कंपनीनं कळवलं, मग तो तुमच्या मंडळाच्या कामावर होता, म्हणजे पहिल्या पक्षात आला, तरी तिसरा नव्हे. केशवराव डाव्या हातानं चहा पीत हे सगळं ऐकायचे आणि दोन्हीकडचं म्हणणं त्यांना पटायचं.

शेवटी वकीलसाहेब वैतागले. "आता याला कितवा माणूस लिहू?"

"चौथा लिवा," अक्का म्हणाल्या. "घरचा."

घरचा म्हटल्यावर जेवणाचं आलंच. उजवा हात गळ्यात, खोलीत चूल पेटवणार कोण? आमच्या घरून डबा जायला लागला. डबा पोचवायचं काम माझ्या धाकट्या नणंदेकडं. तिचं लग्नाचं वय उलटून चाललं असं लोक आमच्या तोंडावर म्हणायचे. एका पायानं ती जराशी लंगडायची, म्हणून दोनदा ठरता ठरता मोडलेलं. तेव्हापासून तिनं नवी साडी नेसणं सोडलं होतं.

डबा घेऊन ती ओट्याशी ठेवायची आणि बाहेर उभी राहायची. केशवराव डाव्या हातानं जेवायचे. सांडायचं. काही दिवसांनी ती बाहेर उभी न राहता पायरीवर बसायला लागली. मग एक दिवस मला म्हणाली, "वहिनी, त्यांना ताक आवडतं." आणि पेटीतून गर्भरेशमी काढून नेसली.

हात बरा झाला. पट्ट्या सुटल्या. हाडवैद्य म्हणाला, आता सगळी कामं करा.

डबा मात्र चालूच राहिला. शेवटी अक्काच माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "रोजचं जाणं-येणं करण्यापरीस पोरीला तिथंच ऱ्हाऊ द्या की." त्या वैशाखात लग्न झालं.

*

आता एकच किस्सा राहिला. हा मी सगळ्यांत कमी वेळा सांगितलाय.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. रझाकारांची दहशत अशी, की गावातली कितीतरी घरं हद्दीपलीकडं वाशिमकडं निघून गेली. आम्ही राहिलो, पण बायका घराबाहेर पडेनात. बेगमसाहेबांचे मालक तेव्हा वारलेले, मुलगा हैदराबादेत, आणि त्या मोठ्या घरात त्या आणि एक म्हातारी मोलकरीण. त्यांनी निरोप धाडला, "मंडळ मेरे घर भरो. मेरे दरवाजे पे कोई नै आता." वर्षभर आम्ही त्यांच्या दालनात बसून शिवलं. खरंच कुणी त्यांच्या दारात आलं नाही.

मग त्या सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. गल्लोगल्ली साखर वाटली. आमच्या मास्तरांनी दारावर झेंडा लावला आणि रडले. मीही रडले.

पण लगेच वारं फिरलं. खेड्यांतून अशा गोष्टी कानावर यायला लागल्या, की त्या आम्ही घरातसुद्धा हळू आवाजात बोलायचो. गावातही माणसांचे घोळके काठ्या घेऊन फिरायला लागले. कालपर्यंत आम्ही दारं लावून घेत होतो, आता बेगमसाहेबांच्या गल्लीतली दारं लागली.

एका दुपारी अक्का माझ्या दारात उभ्या. हातात शिवणाची टोपली.

"चल. मंडळ हाय."

"आज?"

"आज."

त्यांनी प्रत्येकीच्या दारात जाऊन एवढंच सांगितलं. काही आल्या, काही आल्या नाहीत. मला सासूबाई म्हणाल्या, "जाऊ नको." मग मी चप्पल घालायला लागले, तशा त्याच चष्मा शोधून माझ्याबरोबर निघाल्या.

बेगमसाहेबांचं दार अक्कांनी सताड उघडं ठेवलं. मंडळाची पाटी आत दालनात असायची, ती काढून बाहेर टांगली. ओट्यावर, पायऱ्यांवर सतरंज्या अंथरल्या आणि आम्ही शिवायला बसलो. बेगमसाहेबा आत पडद्यामागं. माझ्या सुईत दोरा होता की नव्हता, मला आठवत नाही.

घोळका कोपऱ्यावरून वळला. पुढच्या पोरांतली बरीचशी ओळखीची. एक मास्तरांचा विद्यार्थी. एकाची आई आमच्यातच बसलेली, माझ्या शेजारी. ते येऊन थांबले.

पुढचा म्हणाला, "अक्का, तुमी हितं काय करायलात?"

"दिसत न्हाई? प्रदर्शन हाय."

"आज?"

"आजपासून. आज बायकांचा दिस. पुरुषांना परवा."

कुणी हललं नाही. मागून कुणीतरी ढकललं, तसा तो शेजारणीचा मुलगा एक पायरी चढून वर आला. त्याची आई झबल्याला बाही जोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"बाळ्या," ती म्हणाली, "सावली पडायलीय माझ्या कापडावर. बाजूला हो."

तो बाजूला झाला. जरा वेळ उभा राहिला. मग खाली उतरला. मग दुसरा वळला. कोपऱ्यापलीकडं त्यांचे आवाज जाईपर्यंत आम्ही शिवत होतो.

अक्कांनी सुई खाली ठेवली. "आता खरंच भरवावं लागंल," म्हणाल्या.

दुसरा सगळा दिवस आम्ही घराघरांतून वस्तू गोळा केल्या. झबली, रुमाल, तोरणं, माझ्या नणंदेच्या रुखवतातला कशिदा. बेगमसाहेबांनी जरीचं सगळं काम बाहेर काढलं. येणार कोण, हे कुणीच विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. आंघोळी करून, टोप्या घालून, कुणी पोरांना बोटाला धरून. दिवसच तसे होते, काठ्या हातात होत्याच. त्या त्यांनी चपलांशेजारी भिंतीला टेकवून ठेवल्या आणि आत आले. हात पाठीमागं बांधून एकेका वस्तूपुढं उभे राहिले. बाळ्या जरीच्या मोरापुढं बराच वेळ थांबला. "हे कुणी केलं?" त्यानं विचारलं. अक्कांनी पडद्याकडं बोट दाखवलं. त्यानं पडद्याकडं बघून मान खाली घातली. आतून म्हातारी मोलकरीण सरबताचे पेले घेऊन आली, ते सगळ्यांनी घेतले.

जाताना ज्यानं त्यानं आपापली काठी उचलली. एक मात्र भिंतीशी राहिली. कुणाची ते कळलं नाही आणि न्यायलाही कुणी आलं नाही. चार दिवसांनी बेगमसाहेबांनी ती धुऊन घेतली आणि मधल्या दाराचा पडदा तिच्यावर अडकवला.